शिक्षक तालुक्यातच घडावा

मंचर आणि कळंब ओलांडून पुणे-नाशिक महामार्ग मीना नदीच्या काठी नारायणगावात येतो. वारूळवाडी त्याला इतकी लागून आहे की एक गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे परक्या माणसाला सांगता यायचे नाही. महाराष्ट्राला हा परिसर टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या राहुट्यांसाठी माहीत आहे. पण सकाळच्या एसटीने इथे उतरणाऱ्यांत मोठा भरणा असतो तो विद्यार्थ्यांचा. ग्रामोन्नती मंडळाचे कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालय नारायणगावात आहे, आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची मुले-मुली तिथे पदवीसाठी येतात. ओतूर, जुन्नर, मंचर या गावांतही अशीच महाविद्यालये आहेत. पुण्यात खोली घेऊन राहणे ज्यांना परवडत नाही, ज्यांना सकाळी गोठ्यातले काम उरकून वर्गात बसायचे असते, त्यांच्यासाठी ही महाविद्यालये म्हणजे उच्च शिक्षणाचा एकमेव दरवाजा. अमेरिकेत अशा संस्थेला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. आपल्याकडे लोक ‘गावचं कॉलेज’ म्हणतात आणि त्यात सगळे येते.

या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना शिक्षक व्हायचे असते. त्यांचा आजवरचा रस्ता तीन वर्षांची पदवी आणि मग दोन वर्षांचे बी.एड. असा होता. आता दुसरा रस्ता निघाला आहे. बारावीनंतर थेट चार वर्षांची एकात्मिक पदवी, बी.ए.-बी.एड. किंवा बी.एस्सी.-बी.एड. एक वर्ष वाचते, म्हणजे एका वर्षाचा खर्चही वाचतो, आणि शेतकरी घरात ही लहान गोष्ट नाही. अशी पदवी नारायणगाव-वारूळवाडीसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात सुरू करायची तर काय लागेल, आणि ती तिथेच का सुरू व्हावी, याचा विचार या प्रकरणात करू.

शिक्षक होण्यासाठी वेगळे शिकावे लागते, ही जाणीव महाराष्ट्रात जुनी आहे. 1848 मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये. पुढे सरकारी ट्रेनिंग कॉलेजे आली. व्हर्नाक्युलर फायनल झालेला तरुण तिथे जायचा आणि ‘सेकंड इयर ट्रेन्ड’ म्हणून बाहेर पडायचा. हायस्कुलात शिकवायचे तर बी.टी. करावे लागे आणि त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागे. अशी दोन घरे झाली. पाटीवर अक्षर गिरवून घेणाऱ्याचे शिक्षण एकीकडे, भूमिती शिकवणाऱ्याचे दुसरीकडे. आणि दोघांचेही विद्यापीठातल्या इतिहासाच्या, रसायनाच्या, भाषेच्या वर्गांपासून तुटलेले.

ही तुटलेपणाची व्यथा सर्वांत नेमकी मांडली ती कोठारी आयोगाने. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा भागातल्या बहिरेवाडीचे. शिक्षक-शिक्षण तीन ठिकाणी एकटे पडले आहे, असे आयोगाचे म्हणणे होते. विद्यापीठाच्या ज्ञानव्यवहारापासून ते तुटले आहे, शाळांच्या रोजच्या अडचणींपासून तुटले आहे, आणि प्राथमिक, माध्यमिक अशा निरनिराळ्या प्रशिक्षण संस्था एकमेकींपासून तुटल्या आहेत. नाईकांच्या अनुभवातून पाहिले की या निदानाचे वजन कळते. दिल्लीत धोरण लिहिण्याआधी त्यांनी भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारण्यात पुढाकार घेतला होता. खेड्यातल्या माणसाला खेड्यातच उच्च शिक्षण, शेती, ग्रामसेवा आणि अध्यापन यांचे धडे एका आवारात मिळावेत, ही तिथली कल्पना होती. तालुक्यात बसून शिक्षक घडवता येतो, हे नाईकांनी आधी करून पाहिले आणि मग देशाला सांगितले.

साताऱ्याचे उदाहरण मला त्याहूनही बोलके वाटते, कारण तिथे क्रम बरोबर होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, आणि 1935 मध्ये सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. पुढे व्हॉलंटरी शाळांची चळवळ उभी राहिली आणि रयतने पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा खेडोपाडी चालवल्या. या शाळांना मास्तर कुठून आणायचे? शहरातला शिकलेला माणूस डोंगरातल्या वाडीत टिकत नव्हता. मग वाडीतलाच मुलगा बोर्डिंगात वाढवायचा, ट्रेनिंग कॉलेजात घडवायचा आणि वाडीतल्या शाळेत पाठवायचा. माध्यमिक शाळा वाढल्या तशी पदवीधर शिक्षकांची गरज वाढली, आणि 1955 मध्ये साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन उभे राहिले. आधी शाळांची गरज आणि त्या गरजेतून महाविद्यालय, असा तो क्रम होता.

पुढे महाराष्ट्राने हाच क्रम उलटा केला आणि त्याची किंमत मोजली. 2000 नंतरच्या दशकात राज्यभर डी.एड. महाविद्यालयांचे पेव फुटले. डी.एड. झाले की जिल्हा परिषदेची नोकरी ठरलेली, या समजुतीवर लोकांनी जमिनी विकून मुलांना प्रवेश घेऊन दिले. मान्यतेचे वाद न्यायालयात गेले. महाराष्ट्रातल्या या संस्थांच्या प्रकरणातूनच सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने तपासणी करून घेतली तेव्हा बहुतेक संस्था निकषांत बसल्या नाहीत. ज्या वर्षी आयोगाचा अहवाल आला, त्याच 2012 मध्ये राज्यात शिक्षकभरती थांबली. डी.एड.च्या जागा ओस पडल्या, महाविद्यालयांना कुलपे लागली, आणि हातात पदविका घेतलेली एक पिढी पोल्ट्रीत, मोबाइलच्या दुकानात, शिकवणी वर्गांत पांगली. जुन्नर-आंबेगावात अशी माणसे शोधायला लांब जावे लागत नाही. तालुक्यात नवी शिक्षक-पदवी सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकाने आधी या पिढीसमोर बसावे.

वर्मा आयोगानंतर नियम कडक झाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, 2014 च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे ठरवले. त्यासाठीचा अभ्यासक्रम आयटेप या नावाने ओळखला जातो. त्याची अधिसूचना 2021 मध्ये निघाली आणि 2023-24 पासून देशातल्या 57 संस्थांत तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. आठ सत्रे, एका तुकडीत 50 विद्यार्थी, आणि प्रवेश राष्ट्रीय पातळीवरच्या एनसीईटी परीक्षेतून. ही परीक्षा मराठीसह 13 भाषांत देता येते, हे ग्रामीण पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

या अभ्यासक्रमाची एक अट तालुक्याच्या महाविद्यालयांना अनुकूल आहे. तो फक्त बहुविद्याशाखीय संस्थेतच चालू शकतो. मागल्या माळावर एक सुटी इमारत बांधून, वर ‘अध्यापक महाविद्यालय’ अशी पाटी लावून तो काढता येत नाही. जिथे आधीपासून मराठी, इतिहास, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र शिकवले जाते तिथेच शिक्षक घडावा, अशी ही व्यवस्था आहे. कोठारी आयोगाचा पहिला तुटलेला धागा निदान कागदावर तरी इथे जोडला गेला. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा एका आवारात असलेले गावचे महाविद्यालय या निकषाला जवळचे आहे. अडचण पुढे सुरू होते.

पहिली अडचण अध्यापकांची. बी.एड.साठी 2014 च्या निकषांत दोन्ही वर्षांचे मिळून 200 विद्यार्थी असतील तर 16 पूर्णवेळ अध्यापक लागतात. त्यात शिक्षणाचे तत्त्वज्ञान-मानसशास्त्र शिकवणारे आहेत, विषयांच्या अध्यापन पद्धती शिकवणारे आहेत, शिवाय शारीरिक शिक्षण, चित्रकला आणि नाट्य-संगीत यांसाठीही स्वतंत्र माणूस आहे. विनाअनुदानित तुकडीत ही पदे फीच्या पैशातून भरायची तर फी वाढते, आणि ज्या मुलीसाठी सगळा खटाटोप करायचा तीच बाहेर राहते. फी कमी ठेवायची तर तासिका तत्त्वावर माणसे घ्यावी लागतात, आणि तासाला पैसे मिळणारा अध्यापक विद्यार्थ्यांबरोबर आठवडाभर शाळेत जाऊन बसत नाही. अनुदानाशिवाय ही पदवी खेड्यात नीट चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. 2012 नंतर जे ओस पडले ते बहुतेक फीवरच उभे होते.

दुसरी अडचण परवानग्यांची. नवा अभ्यासक्रम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात बसावा लागतो, विद्यापीठाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, मग एनसीटीई अर्ज मागवेल तेव्हा ऑनलाइन अर्ज करायचा. जागेची कागदपत्रे, इमारतीचा नकाशा, राज्य सरकारचे मत, पाहणी समितीची भेट. या पाहणीचे चित्रीकरणही केले जाते. डी.एड.च्या काळात एकाच इमारतीत दोन संस्था दाखवण्याचे आणि ग्रंथालयातली पुस्तके एका दिवसापुरती आणण्याचे किस्से शिक्षणक्षेत्रात सर्वांनी ऐकले आहेत, तेव्हा चित्रीकरण का हवे हे सांगायला नको. त्यानंतर इरादापत्र, विद्यापीठमान्य निवड समितीकडून अध्यापकांची नेमणूक, मान्यतेचा आदेश आणि शेवटी संलग्नता. एवढ्यात एक-दोन शैक्षणिक वर्षे सहज जातात.

पण कागद पूर्ण झाले म्हणजे पदवी उभी राहिली असे नाही. ती उभी राहते शाळेत.

बी.एड.चा सराव पाठ ज्याने पाहिला आहे त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. छात्राध्यापिका नवी साडी नेसून वर्गात येते. हातात गुंडाळलेला तक्ता, रंगीत खडू, पाठ टाचणाची वही. फळ्यावर उजव्या कोपऱ्यात दिनांक, इयत्ता, पटसंख्या. मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले. प्रस्तावनेचे दोन-तीन प्रश्न होतात, मुले हात वर करतात, हेतुकथन होते, तक्ता फळ्यावर टांगला जातो. नमुना दाखवताना एका मुलाने वस्तू हातात द्यायची, दुसऱ्याने उत्तर सांगायचे, सगळे आधी ठरलेले. घंटा होते, निरीक्षक ‘फलकलेखन चांगले, आवाजात चढ-उतार हवा’ असा शेरा लिहितात आणि पुढच्या वर्गाकडे वळतात. वर्ग शहरातला, एका इयत्तेचा, शांत बसणारा. पुष्कळदा मुलांनी तो धडा आधीच शिकलेला असतो.

आता जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या दिशेने चला, किंवा आंबेगावात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्यांतली दोन शिक्षकी शाळा. पहिली ते चौथीची सगळी मुले मिळून एका शहरी तुकडीइतकीही नसतात. एक शिक्षक केंद्राच्या बैठकीला किंवा शासकीय कामाला गेला की चारही इयत्ता दुसऱ्याच्या वाट्याला. एका भिंतीला पाठ लावून पहिलीची मुले अक्षरे गिरवतात, त्याच वेळी चौथीला भागाकार द्यायचा असतो, आणि मधल्या दोन इयत्तांना असे काही काम द्यायचे असते की ती वीस मिनिटे आपापसांत शिकतील. घरात बोलली जाणारी भाषा आणि पुस्तकातली भाषा यांत अंतर असते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की अर्धा वर्ग येत नाही. भातलावणीत मोठी मुले लहान भावंडांना घेऊन येतात. इथे ठरावीक मिनिटांचा, पाच पायऱ्यांचा पाठ उपयोगाचा नाही. इथे बहुवर्ग अध्यापन लागते, आणि ते तक्त्यावरून शिकता येत नाही. ते येणाऱ्या शिक्षकाशेजारी बसून, आठवडेच्या आठवडे पाहून, स्वतः फसून आणि पुन्हा करून शिकता येते.

2014 च्या नियमांनी बी.एड.मध्ये 20 आठवड्यांचा शालेय अनुभव ठेवला आहे, चार आठवडे पहिल्या वर्षी आणि 16 दुसऱ्या वर्षी. चार वर्षांच्या पदवीत त्याला आणखी ऐसपैस जागा मिळू शकते. नारायणगावचे महाविद्यालय पुण्यातल्या महाविद्यालयापेक्षा इथेच सरस ठरू शकते. पूर्वेला बागायती गावांतल्या मोठ्या शाळा, पश्चिमेला दोन शिक्षकी शाळा आणि आश्रमशाळा, बाजारपेठेत रयत किंवा स्थानिक संस्थांची हायस्कुले. ऊसतोडीला आणि टोमॅटोच्या खुडणीला आलेल्या कुटुंबांची मुले तर या भागात दरवर्षी येतात आणि शाळेच्या पटावर न चढताच जातात. एवढी विविधता एका तालुक्याच्या एसटीच्या पल्ल्यात दुसरीकडे मिळणे कठीण.

विषयज्ञानासाठी तर हा प्रदेश समृद्ध आहे. नारायणगावहून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, काही मध्यवर्ती भागात आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर पसरलेल्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली, आणि दरवर्षी 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनी ती लोकांसाठी खुली होते. बी.एस्सी.-बी.एड.च्या विद्यार्थ्याने तरंगलांबी समजून घ्यायची ती इथे. नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात कोरलेले अंक हे भारतातल्या जुन्या अंकलेखनाच्या पुराव्यांत मोडतात, आणि त्यात शून्याचे चिन्ह नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. चौथीच्या मुलांना स्थानिक किंमत शिकवताना नेमके काय अवघड जाते, हे कळायला तो लेख एकदा वाचून पाहावा. इतिहास, गणित आणि अध्यापन पद्धती अशा एका भिंतीसमोर एकत्र येतात. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात परिसर अभ्यास शिकता येतो. जवळच शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. हाताने काम करत शिकण्याची पद्धत तिथून शेकडो शाळांत गेली.

तालुक्यातला शिक्षक तालुक्यातच का घडावा, याला आणखी एक कारण आहे, आणि ते आकड्यांनी सिद्ध झालेले आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या नव्या शिक्षकांचा अभ्यास झाला. 1999 ते 2002 या काळात नोकरीला लागलेल्या शिक्षकांपैकी 61 टक्क्यांची पहिली शाळा त्यांनी स्वतः हायस्कूल केलेल्या गावापासून 15 मैलांच्या, म्हणजे साधारण 24 किलोमीटरच्या आत होती. माणूस शिकवायला घराजवळ परततो. ज्या भागात शिक्षक घडत नाहीत त्या भागाला म्हणूनच शिक्षक मिळत नाहीत, आणि मिळाले तरी टिकत नाहीत. महाराष्ट्रात याचे दुसरे रूप आंतरजिल्हा बदलीत दिसते. मराठवाड्यातले शिक्षक कोकणात नोकरी करतात आणि वर्षानुवर्षे घराजवळच्या जिल्ह्याची वाट पाहतात. त्यांचा दोष नाही. म्हातारे आई-वडील गावी असतात, शेती गावी असते.

अमेरिकेतल्याच नेवाडा राज्यातल्या एल्को या खाणकामगारांच्या गावाने याच कारणासाठी पाऊल उचलले. रेनोचे विद्यापीठ तिथून साडेचारशे किलोमीटरहून लांब. तिथे शिकायला गेलेला मुलगा परत येत नव्हता, आणि संसारात पडलेल्या बाया तिथे जाऊच शकत नव्हत्या. एल्कोतल्या ग्रेट बेसिन कॉलेज या कम्युनिटी कॉलेजने 1999 मध्ये चार वर्षांची पदवी सुरू केली, आणि पहिली पदवी निवडली ती प्राथमिक शिक्षकाची. पाठोपाठ फ्लोरिडातही दोन वर्षांच्या महाविद्यालयांनी शिक्षकांच्या तुटवड्यावर हाच उपाय केला. जुन्नरचा पश्चिम पट्टा पुण्यापासून एवढा दूर नाही, पण आदिवासी वाडीतल्या मुलीला पुण्यातले वसतिगृह, खानावळ आणि प्रवास यांचा खर्च एल्कोतल्या बाईइतकाच अशक्य असतो. वाडीची बोली जाणणारी, तिथल्या मुलांना नावाने ओळखणारी शिक्षिका हवी असेल तर पदवी तिच्यापर्यंत न्यावी लागेल, आणि जोडीला नारायणगावात मुलींचे वसतिगृह लागेल.

एक कायदेशीर बाब विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बी.एड. ही पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठीची पात्रता ठरू शकत नाही. एकात्मिक पदवीत मात्र पायाभूत, पूर्वतयारी, मध्य आणि माध्यमिक असे टप्पे आहेत, आणि संस्थेला कोणत्या टप्प्यासाठी मान्यता मिळाली आहे त्यावर विद्यार्थ्याचे भवितव्य ठरते. जुन्नरच्या वाड्यांना गरज आहे ती लहान मुलांच्या शिक्षकांची. इथल्या संस्थेने माध्यमिकचा मान सोडून पूर्वतयारीचा टप्पा आधी मागावा.

पदवीनंतरची वाट सरकारच्या हातात आहे. शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टलवरची निवड, आणि मग तीन वर्षे शिक्षणसेवक. 2023 मध्ये प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन 6,000 रुपयांवरून 16,000 रुपये झाले. चार वर्षे शिकलेल्या माणसाला हे अजूनही कमी आहे. शिवाय अभियोग्यता चाचणी 2017 नंतर थेट 2023 मध्ये झाली. भरती दरवर्षी ठरल्या वेळी होत नाही तोवर कोणतीही नवी पदवी डी.एड.च्याच वाटेने जाण्याचा धोका आहे, आणि हे संस्थांनी सरकारला एकत्र येऊन ठणकावून सांगितले पाहिजे.

तुमच्या तालुक्यातले महाविद्यालय ही पदवी सुरू करत असेल, तर प्रवेश घेण्याआधी प्राचार्यांना भेटा. इमारत पाहायला विसरलात तरी चालेल. आपली मुले कोणत्या शाळांत किती आठवडे जाणार, तिथे त्यांच्या शेजारी कोण बसणार, आणि पूर्णवेळ अध्यापक किती नेमले आहेत, हे विचारा. या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तरच फी भरा.